ओथा मॅकक्रेनं मारलेली फक्की

बेल्फोर्डमध्ये चाळिशीच्या पुढचा कुणीही गाठा, तो तुम्हाला टर्पेंटाइन बोलच्या, म्हणजे आमच्या फुटबॉलच्या, शेवटच्या सामन्याची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडणार नाही. सेंट सायप्रियन कॉलेजची पोरं गोल-रेषेपासून एका यार्डावर येऊन ठेपली होती, पुन्हा पुन्हा धडकली, आणि आमच्या मोझली कॉलेजच्या पोरांनी त्यांना वीतभर पुढं सरकू दिलं नाही. सांगताना माणसं खुर्चीतून उठतात, वाकून दाखवतात, खांद्याला खांदा लावतात. मैदानात चार हजार माणूस होतं. आता ऐकाल तर वाटेल अख्खं जॉर्जिया तिथं लोटलं होतं. एवढ्या बढायांत ओथा मॅकक्रेचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर, "हां, तो येडा, दंताळं घेऊन मैदानात घुसलेला," एवढंच. मला याचा संताप येतो, म्हणून सांगायला बसलो.

ओथा राळेच्या भट्टीवर कामाला होता. पाइनच्या झाडांना खाचा पाडायच्या, पाझरलेली राळ गोळा करायची आणि भट्टीत उकळून टर्पेंटाइन काढायचं. तो वास अंगाला असा बसतो की रविवारी आंघोळ करून चर्चला आलेला माणूसही बाकाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतो. ओथा उंच, किडकिडीत, बोलण्यात कंजूष. आई गेली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ जूनियस नुकता पावलं टाकायला लागला होता. बाप फ्लोरिडाकडं कामाला गेला तो गेलाच. ओथानं त्या पोराला कडेवर घेऊन भट्टी सांभाळली. पुढं वर्नेल लग्न होऊन घरी आली, ती सगळ्यांसमोर म्हणायची, "मला नवरा मिळाला तोच लेकुरवाळा." त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. जूनियसच काय तो. तो लढाईवर गेला तेव्हा ओथा भट्टीच्या आवाजानंही दचकायचा. फ्रान्सातून पोरगा धडधाकट परत आला, सैनिकांना सरकार शिकवतंय म्हटल्यावर मोझली कॉलेजात गेला, आणि तिथल्या फुटबॉल संघात शिरला. आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या भिंतीत घुसायचं. त्या भिंतीचा मधला दगड जूनियस होता.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बड्या शहरांत बोल म्हणजे मानाचे फुटबॉल सामने होतात. कॅलिफोर्नियाला गुलाबाचा, मायामीला संत्र्याचा. तिथं आमच्या काळ्या कॉलेजांना कोण विचारतो? म्हणून मिस्टर स्टोव्हॉलनी आमचा बोल काढला. गावात जे पिकतं त्याचं नाव सामन्याला, तर आमच्याकडं पिकतं टर्पेंटाइन. लोक खिदळायचे, "जिंकणाऱ्याच्या कपात काय ओतणार, वार्निश?" पण सामन्याला झाडून सगळे यायचे. अटलांटापासून, जॅक्सनव्हिलपासून मोटारी भरभरून यायच्या, बायका फरच्या कॉलरचे कोट घालून मिरवायच्या. वर्षातला तो एक दिवस बेल्फोर्ड आमचं असायचं.

मिस्टर स्टोव्हॉल म्हणजे अंत्यविधीवाले. काळ्या वस्तीत पैसेवाला माणूस तेवढाच. मेल्यावर प्रत्येकाला त्यांच्याच गाडीतून जायचं, तेव्हा जिवंतपणी त्यांच्याशी वाकडं कोण घेणार? मैदान मात्र गोऱ्यांच्या बेसबॉलचं. ते एका दिवसापुरतं मिळायचं, आणि अटींचा पाढा असायचा. खोल्या उघडायच्या नाहीत, पोरांनी बसमध्येच कपडे बदलायचे. दोरी, झाडू, चुना सगळं आपलं आणायचं. दुसऱ्या दिवशी गवतावर रेषेची खूणही दिसता कामा नये. काही गडबड झाली तर पुढच्या वर्षी विचारायला यायचं नाही. मैदानाचा मॅनेजर सामनाभर वर बसून असायचा आणि शेजारी शेरीफ.

त्या मैदानावर फक्की मारायचं काम ओथाचं. जूनियस सोडून गावातल्या दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. दोरी ताणायची, चुन्याची गाडी ढकलत एका दमात जायचं, मागं वळून बघायचं नाही. चुना कुठूनही आलेला असो, आधी हातमोजा काढायचा, चिमूट तळहातावर घ्यायची, वर थुंकायचं. गार राहिला तर विझवलेला, बिनघोर वापरा. हात पोळला तर कळीचा, तो परत पाठवायचा. हेल्मेटला तोंडावर जाळी नसलेली पोरं त्या रेषेवर तोंडघशी पडतात, हे ओथाला कुणी सांगायला नको होतं.

एकोणपन्नास सालच्या त्या सकाळी आदल्या रात्रीच्या पावसानं सगळी फक्की धुऊन नेलेली. मैदान म्हणजे पान्हावलेली गाय, जिथं पाय ठेवाल तिथं पाणी. चुना संपलेला, धान्यबियाण्याचं दुकान नववर्षाचं बंद. फाटकाबाहेर दोन्ही कॉलेजांचे बँड ढोल बडवत उभे. मिस्टर स्टोव्हॉल हातात घड्याळ घेऊन आले. "माझ्या शेडात गोण्या आहेत. उचल."

"तो कबरीत टाकायचा ना?" ओथा म्हणाला.

"चुना तो चुनाच! फाटक उघडायची वेळ झाली, ओथा. वर मॅनेजर बघतोय. रेषा नाहीत म्हणून सामना लांबला तर तो काय बोलेल ते ऐकायला तू जाणार का मी?"

शेडाच्या कोपऱ्यात गोण्या होत्या. ओथानं हिशेब केला तो असा, की हा चुना इथं वर्षानुवर्षं पडून असणार. हवा लागून लागून कळीचा चुनाही आपोआप मरतो. हा मेलेलाच आहे. आणि थंडी होती, हातात मोजे होते, ढोल वाजत होते. त्यानं चिमूट घेतली नाही. जन्मात पहिल्यांदा घेतली नाही. गोण्या गाडीत रिकाम्या केल्या आणि ढकलत सुटला.

रेषा मारल्या तशी त्यांच्यावरून वाफ निघायला लागली. पावसानंतर ऊन पडलं होतं, सगळ्या मैदानातूनच धूर उठत होता, म्हणून ओथाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट वर बसलेल्या बायका म्हणाल्या, "बघ गं, कसं देखणं दिसतंय!"

सामना सुरू झाला. पोरं चिखलात लोळत होती, डोळे चोळत होती. चिखलात कोण डोळे चोळत नाही? दोन्ही बाजूंना एकेक बादली आणि एकेक स्पंज. ज्याला वेळ मिळेल तो धावत यायचा, त्याचं तोंड पुसून तोच स्पंज पुन्हा बादलीत. मोझली सात, सायप्रियन सहा. जूनियस प्रत्येक ढिगाच्या तळाशी असायचा आणि ओथा कडेला उभा राहून प्रत्येक वेळी तो उठेपर्यंत श्वास धरायचा.

दुसऱ्या पावात, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या चौथाईत, ओथाला मनगटापाशी आग झाल्यासारखं वाटलं. मोज्यात भुकटी गेली होती. त्यानं मोजा काढला. कातडी सोलवटली होती. त्यानं रेषेवरची चिमूट उचलली, तळहातावर घेतली आणि थुंकला.

हात पोळला.

तो धावतच मिस्टर स्टोव्हॉलांकडं गेला. "साहेब, चुना कळीचा आहे. जिवंत आहे. तो पोरांच्या डोळ्यांत चाललाय."

"असं कसं होईल?" स्टोव्हॉलांचा चेहरा उतरला. "मागच्याच महिन्यात घेतला मी तो. नवा होता."

"नवा होता हे सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस?" मग ते आवाज दाबून बोलले, दात न उघडता, कारण वरून मॅनेजर बघत होता. "तोंड मिट. इथं शेरीफ बसलाय. काळ्यांनी काळ्यांची पोरं जाळली, असं उद्या छापून येईल. बोल संपेल. मैदान जाईल. आणि तुझं काय होईल माहितीये ना? पोरांना तोंड नीट धुवायला सांग, आणि मध्यंतर होऊ दे, मग बघू."

आता तुम्ही म्हणाल, त्यानं तेव्हाच मैदानात जाऊन बोंब का नाही ठोकली? बसल्या जागी म्हणणं सोपं असतं. ओथानं भट्टीवरच्या एका माणसाला शेरीफच्या गाडीत बसताना पाहिलं होतं, परत येताना पाहिलं नव्हतं. तो गप्प बसला. मोझलीच्या बादलीवाल्याला मात्र म्हणाला, "स्पंज फेक. भरपूर पाणी मार डोळ्यांत." बादलीवाला खेकसला, "एकच पिंप आहे, ते प्यायला पुरवू का आंघोळीला?"

मध्यंतराला बँड मैदानात उतरले. आमच्याकडं त्या वेळी मैदानात कुत्रंही जाऊ शकत नाही. बँड म्हणजे बँड. पांढरे बूट चुना उडवत नाचत होते आणि लोक टाळ्या पिटत होते. ओथा बसकडं गेला. जूनियस पायरीवर बसला होता, मान खाली, डोळ्यांवर ओला टॉवेल.

ओथा त्याच्यापुढं बसला. "जूनियस, डोळे कसे आहेत?"

"घाम गेलाय रे, दादा."

"नुसता घाम? खरं सांग. जळजळतंय का?"

"घामच आहे म्हटलं ना!" जूनियस हसला. "तू काय आईसारखा मागं लागलायस? जा, वर्नेलवहिनीजवळ बस जा. नववर्षाचा चवळी-भात खाल्लास ना सकाळी? मग वर्षभर काही होत नाही आपल्याला."

टॉवेल त्यानं बाजूला केला नाही. ओथानं तो ओढला नाही. त्याच्या छातीवरचा धोंडा थोडा हलला, म्हणाला, चला, पोरगं बरं आहे. तरी बसमागं नेऊन बादलीभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलंच त्यानं. जूनियस ओरडला, "अरे बुडवतोस काय!" आणि शिट्टी झाली तसा पळाला. पळताना त्यानं पुढच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला होता. तसे सगळेच ठेवतात.

तिसऱ्या पावात सायप्रियनचा एक पोरगा रेषेजवळ पडला तो उठेना. दोघांनी उचलून आणला. तोंडावर टॉवेल, आणि टॉवेलाखालून असा आवाज की ऐकणाऱ्याचं काळीज फाटावं. त्याची आई कठड्यावरून उतरायला बघत होती आणि लोक तिला धरत होते, "अगं, बोट गेलं असेल कुणाचं तरी डोळ्यात, होतं असं." ओथा त्या बाईपासून हातभरावर उभा होता. तिनं त्याच्याकडं बघून विचारलं, "काय झालं हो माझ्या पोराला?" ओथानं सोलवटलेला हात पाठीमागं लपवला.

ते त्याच्यानं सहन झालं नाही. शेवटचा पाव सुरू होता आणि सायप्रियनवाले रेटत रेटत मोझलीच्या गोल-रेषेपाशी आले होते. एक यार्ड उरलं. चार प्रयत्न होते. पहिल्यांदा धडकले, सगळा ढीग रेषेवर कोसळला. दुसऱ्यांदा धडकले, पुन्हा ढीग रेषेवर. चुन्याचा भपकारा उठला. तळाशी जूनियस. सगळं मैदान उभं राहून किंचाळत होतं.

ओथानं दंताळं उचललं आणि धावत मैदानात शिरला. थेट गोल-रेषेवर गेला आणि रेषा खरडायला लागला. चिखल ओढायचा, चुना पुरायचा, पुन्हा ओढायचा.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग सायप्रियनच्या बाजूनं आरडाओरडा उठला. "रेषा पुसतोय! भावाला जिंकवायला रेषा पुसतोय!" आमची बाजूही चवताळली, कारण रेषाच नसली तर जिंकलेलं कोण मानणार? वरून बाटल्या आल्या, शेंगांची टरफलं आली, कुणाचा तरी बूट आला. पंच शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला.

"चुना जिवंत आहे!" ओथा ओरडत होता. "मी मारलाय! मी! पोरांना बाजूला घ्या, डोळे जातील! सामना थांबवा!"

ढोलांत काय ऐकू जाणार? चर्चचं काम बघणारे दोन डीकन आले, दोघं ओथाच्याच बाकावर बसणारे, आणि त्यांनी त्याला काखेत धरून फरफटत नेला. "अरे ओथा, लाज वाटू दे," एकजण म्हणत होता, "सगळ्या बेल्फोर्डच्या तोंडाला काळं फासलंस." ओथा त्याच्या हाताला चावला. तेव्हा दुसऱ्यानं त्याला जमिनीवर पाडून वर गुडघा रोवला. तिथून त्याला माणसांचे पाय दिसत होते आणि पायांच्या फटीतून गोल-रेषा दिसत होती. निम्मी पुसलेली, निम्मी पांढरी. पांढऱ्या अर्ध्यासमोर जूनियस वाकून बसला होता.

तिसऱ्यांदा धडकले. चौथ्यांदा धडकले. ढीग उठला तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडं होता. मोझली जिंकली.

आमच्या लोकांनी कठडे मोडले. सगळं गाव मैदानात. जूनियसला खांद्यावर घेतलं, नाचवलं, त्याच्या पाठीत धपाटे घातले. तो हसत होता, दोन्ही हात वर, डोळे गच्च मिटलेले. लोक म्हणाले, बघा, आनंदानं डोळेसुद्धा उघडवत नाहीत पोराला! ओथा त्या गर्दीत शिरायला धडपडत होता. "खाली ठेवा त्याला, पाया पडतो, खाली ठेवा." एकानं त्याला ढकललं, "आता आलास होय मिरवायला?" वर्नेलनं ते पाहिलं. ती बाई फरच्या कॉलरवाल्यांना कोपरांनी बाजूला करत घुसली, जूनियसचा पाय धरून खाली ओढला आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत घेऊन बघितलं. मग ती अशी ओरडली की आसपासचे ढोल थांबले.

काळ्या माणसाला घेणारं इस्पितळ दूर, पुढच्या जिल्ह्यात. आमच्याकडं ॲम्ब्युलन्स म्हणजे मिस्टर स्टोव्हॉलांची मयताची गाडी. मागं शवपेटीच्या जागी जूनियसला आडवं केलं, ओथा शेजारी बसला, बादली मांडीत धरून. गाडी खुद्द स्टोव्हॉल चालवत होते. ओथा एका हातानं पापणी उघडायचा, दुसऱ्या हातानं पाणी सोडायचा. जूनियस पाय झाडत होता. "बास, दादा, बास कर."

"नाही. बास नाही."

पाणी संपलं. पेट्रोल पंप दिसला तशी गाडी थांबली. पंपाच्या भिंतीला नळ होता. ओथा बादली घेऊन उतरला. पंपावरचा गोरा माणूस खुर्चीतून उठलाही नाही. "तो नळ तुमच्यासाठी नाही."

"सर, पोराचे डोळे जळतायत. एक बादली. पेट्रोलही घेतो, सर."

"मयताच्या गाडीत बसलाय ना? मग आता कसली घाई?" त्याला तो विनोद वाटला.

ओथा नळाकडं एक पाऊल गेला. तो माणूस उठून आत गेला आणि जे घेऊन बाहेर आला ते बघून स्टोव्हॉलांनीच ओथाला कोटाला धरून मागं ओढलं. पुढं रस्त्याकडेच्या दलदलीत गाडी थांबवली. पाणी काळं, पानं कुजलेली. ओथानं अंगातला सदरा काढून त्यातून ते गाळलं आणि ओतत राहिला. दर वळणावर उतरायचं, भरायचं, गाळायचं, ओतायचं. थंडीनं त्याचे दात वाजत होते. स्टोव्हॉल गाडी चालवता चालवता रडत होते, मोठ्यानं, नाक ओढत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रडण्याला रुमाल पुरवणारा माणूस. स्वतःच्या खिशात नव्हता त्याच्या.

इस्पितळात आमचा वॉर्ड तळघरात. डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या आणि काही दिवसांनी सोडल्या. डाव्या डोळ्यात काही उरलं नव्हतं. उजव्याला उजेड कुठं आणि अंधार कुठं, एवढं कळेल, तेही नशिबात असलं तर. सेंट सायप्रियनच्या त्या पोराचा एक डोळा वाचला, असं मागाहून कळलं. डॉक्टर जूनियसकडं न बघता ओथाला म्हणाला, "अजून काही दिवस याला रडू देऊ नका. जखम भिजता कामा नये." आणि गेला.

ओथा खाटेच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "जूनियस, तो चुना मी मारला होता."

"माहितीये."

"कुणी सांगितलं? स्टोव्हॉलनी?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? पहिल्याच पडण्यात कळलं मला. लहानपणापासून तुझी गाडी ढकलतोय, कळीचा चुना कसा चावतो ते मला कळणार नाही?"

"पहिल्याच पडण्यात? मग बोलला का नाहीस रे? मी विचारलं होतं तुला. बसच्या पायरीवर. तुझ्यापुढं बसून विचारलं होतं."

"शेरीफ होता ना वर. मी बोंब मारली असती तर पहिला प्रश्न काय झाला असता? फक्की कुणी मारली? तुला घेऊन गेले असते." जूनियस आवाजाच्या दिशेनं वळला, थोडा चुकीच्या बाजूला वळला. "म्हटलं दोन तासांची कळ आहे, काढू. सामना संपला की धुऊन टाकू. तिसऱ्या पावानंतर दिसतच नव्हतं काही, नुसतं अंगाला अंग लागेल तिकडं ढकलत होतो."

तळघरात कुणीतरी खोकत होतं. जूनियसनं विचारलं, रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "पण तुला तर तेव्हा कळलं होतं ना, दादा? मग तो टॉवेल का नाही ओढलास?"

"तू म्हणालास घाम आहे," ओथा म्हणाला. "मला तेच ऐकायचं होतं."

जूनियसचे ओठ थरथरायला लागले तसा ओथानं घाईघाईनं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "नको, तू नको." डॉक्टरनं जूनियसला रडायची बंदी केली होती, म्हणून दोघांच्या वाटचं ओथाच रडला.